वायफाय अडले कुठे?



आज आपण घरच्या वायफायविषयी बोलणार आहोत. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, आता पुष्कळ घरांत लॅपटॉप आला आहे. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज त्यावर भरतात. गावाकडच्या जमिनीचा सातबारा त्यावर पाहतात. आणि नेमका अर्जाच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप सांगतो, "इंटरनेट नाही." मग घरात गोंधळ उडतो. एक जण दिसेल ते बटण दाबत सुटतो. दुसरा म्हणतो, "दुकानात नेऊ या." मंडळी, थोडं थांबा. आधी एकच प्रश्न विचारा : अडले कुठे?

नळाला पाणी आले नाही, तर आपण लगेच नळ उपटतो का? नाही. शेजारी विचारतो, "काकू, तुमच्याकडे आलं का हो पाणी?" त्यांच्याकडेही नसेल, तर खोट बाहेर आहे. त्यांच्याकडे असेल, तर आपली टाकी आणि आपला नळ पाहायचा. बारवी धरणापासून आपल्या माठापर्यंत पाण्याची वाट लांब आहे. ते कुठे अडले ते कळले, की निम्मे काम झाले.

इंटरनेटचीही अशीच वाट असते. कंपनीची तार खांबावरून आपल्या घरी येते. ती राऊटर नावाच्या पेटीला जोडतात. तिथून पुढे तार नाही. राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत रेडिओच्या लहरी जातात. ही काही जादू नव्हे, बरं का! १८९५ च्या सुमारास आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यात अशाच लहरींनी, तार न लावता, दूरची घंटा वाजवून दाखवली होती. वायफायचे पहिले नियम १९९७ साली ठरले. लहरी त्याच, काम नवे.

आता दोन परीक्षा घ्यायच्या.

पहिली परीक्षा तारेची व राऊटरची. मोबाइल घ्या. त्याचा स्वतःचा डेटा बंद करा. तो चालू राहिला तर परीक्षेत कॉपी झाली असे समजा! फक्त घरचे वायफाय चालू ठेवा आणि काही उघडून पाहा. उघडले नाही, तर लॅपटॉप बहुधा निर्दोष आहे. राऊटरकडे जा. दिवे लागले आहेत का? प्लग सैल आहे का? महिन्याचे पैसे भरले आहेत का? तार काचेची असेल, तर पेटीवर एल, ओ, एस या तीन इंग्रजी अक्षरांजवळचा दिवा पाहा. तो लाल झाला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही. तिथे आपला उपाय चालत नाही. कंपनीचा माणूसच बोलवावा. लाल दिवा नसेल, तर राऊटर बंद करा, साठपर्यंत आकडे मोजा, पुन्हा चालू करा आणि तीन मिनिटे धीर धरा. पुष्कळदा एवढ्याने काम होते. मात्र पेटीच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. त्याने पेटीतली सारी मांडणी पुसली जाते.

दुसरी परीक्षा लॅपटॉपची. मोबाइलवर चालते पण लॅपटॉपवर नाही, असे झाले तर मोबाइलचा डेटा सुरू करून त्याचा हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा. इंटरनेट आले, तर लॅपटॉप धड आहे. अडचण आहे ती लॅपटॉप आणि राऊटर यांच्या ओळखीत. अशा वेळी लॅपटॉपमधले आपल्या वायफायचे नाव काढून टाका आणि पासवर्ड नव्याने घाला. पासवर्डात मोठे व लहान इंग्रजी अक्षर वेगळे धरतात. कळफलक मराठीवर राहिला असेल, तर खरा पासवर्डही खोटा ठरतो.

हॉटस्पॉटही लागत नाही? मग पडद्याच्या कोपऱ्यात विमानाचे चित्र दिसते का ते पाहा. दिसले, तर लहरी बंद आहेत. त्या चित्रावर दाबून त्या सुरू करा. तारीख आणि वेळही पाहा. घड्याळ फार चुकलेले असेल, तर जोडणी होऊनही पाने उघडत नाहीत. शेवटी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा. एका वेळी एकच बदल करायचा. चार बदल एकदम केले, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही.

भिंतींचाही विचार करा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना लष्कराच्या बराकींत आसरा मिळाला. त्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथल्या दाट वस्तीत घराला घर लागून आहे. लॅपटॉपवर शेजाऱ्यांच्या राऊटरची दहा-पंधरा नावे दिसतात. त्यांच्या लहरी एकमेकींच्या आड येतात. आपल्या राऊटरची दोन नावे दिसत असतील, तर ५ आकडा असलेले बहुधा जवळून वेगवान चालते, दुसरे भिंतीपलीकडे अधिक पोचते. जुन्या लॅपटॉपला ५ चे नाव दिसतच नाही, तेव्हा दुसरे निवडावे. राऊटर लोखंडी कपाटात ठेवू नये. उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाबरलेला माणूस इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधतो आणि मिळेल तो फिरवतो. कधी कधी तो नंबर ठगाचा असतो. तो गोड बोलतो, "साहेब, हे ॲप घ्या, दहा रुपये भरा, ओटीपी सांगा." वायफाय येत नाही, पण मुलीच्या फीचे पैसे जातात. म्हणून तक्रारीचा नंबर बिलावरूनच घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. परक्याच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नये. पैसे गेलेच, तर लाजू नका, उशीर करू नका. लगेच १९३० या सरकारी नंबरावर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा अधिक.

आज घरी गेल्यावर वहीच्या एका पानावर तीन गोष्टी स्वतःच्या हाताने लिहा. वायफायचे नाव व पासवर्ड, बिलावरचा कंपनीचा नंबर, आणि पैसे संपण्याची तारीख. ते पान कपाटात जपून ठेवा. नंतर वायफाय चालू असतानाच या दोन्ही परीक्षा एकदा करून पाहा. पुढच्या वर्गात कोणाला काय दिसले, ते प्रत्येकाने सांगायचे आहे.