प्रोग्रामरांनी एकत्र जमावे कशासाठी?



संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची संमेलने यापुढे भरवावीत की नाहीत, हा प्रश्न वरकरणी एका व्यवसायापुरता वाटतो. परंतु एकाच कामात गुंतलेल्या माणसांना एकमेकांना प्रत्यक्ष भेटण्याची गरज उरली आहे का, हा त्याचा गाभा आहे. श्रमिकांच्या चळवळीलाही त्याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२०२० साली महामारीने सभागृहांना कुलपे लावली. पायथन या संगणकभाषेचे पिट्सबर्ग येथे योजलेले अमेरिकी संमेलन प्रत्यक्ष भरू शकले नाही. ॲपल कंपनीच्या वार्षिक संमेलनाचे प्रवेशशुल्क तोवर १५९९ डॉलर होते. त्या वर्षी ते साऱ्या जगाला घरबसल्या विनामूल्य पाहता आले. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला जे दार कधीच उघडले नसते, ते असे उघडले. मग विमानाचे भाडे, व्हिसासाठीची ताटकळ, लहान मुले घरी ठेवून जाण्याची अडचण एवढे सोसून परदेशी जावे कशाला, असे कोणी विचारले तर त्याला उडवून लावता येणार नाही.

केवळ व्याख्यान ऐकायचे असेल, तर खरोखरच जाऊ नये. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक-परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी माउस आणि परस्परांशी जोडलेले मजकूर यांचे प्रात्यक्षिक करून दाखविले. त्या दिवशी ते पाहण्यासाठी सभागृहात असावे लागले. आज त्याचे चित्रण कोणीही पाहू शकतो. ज्ञानदानातील सभागृहाची मक्तेदारी संपली, हे इष्टच झाले.

तथापि सॉफ्टवेअर केवळ ज्ञानावर उभे नसते, ते विश्वासावरही उभे असते. बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या यांचे संगणक ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्याचे कित्येक भाग मूठभर स्वयंसेवक सांभाळतात. 'एक्सझेड' नावाचे असेच एक साधन प्रामुख्याने एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळीत होते. ते थकले होते, आणि तसे त्यांनी उघडपणे लिहिलेही होते. अनोळखी नावांनी त्यांच्यावर दडपण आणले. कोणीही न पाहिलेल्या एका 'मदतनिसाने' दोन वर्षांहून अधिक काळ काम करून त्यांचा विश्वास संपादन केला, आणि अखेर त्या साधनात चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा संशय आला, म्हणूनच अनर्थ टळला.

प्रत्यक्ष भेट झाली असती तर कपट हमखास उघड झाले असते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. लबाड माणूस संमेलनालाही येऊ शकतो. परंतु ज्याला भेटणारे सोबती आहेत, ज्याचा भार कोणी ओळखतो, त्याला असे एकाकी गाठणे कठीण असते. 'डेबियन' या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी हे फार पूर्वी ओळखले. समोरासमोर भेटून ओळखपत्र तपासावे आणि मगच एकमेकांच्या डिजिटल किल्लीवर सही करावी, असा प्रघात त्यांनी पाडला. सभागृहाबाहेर, चहाच्या रांगेत, रात्रीच्या जेवणावर जे घडते, ते पडद्यावर घडत नाही.

मात्र संमेलन हवे म्हणताना कोणाचे, हे विचारणे क्रमप्राप्त आहे. मालाची जाहिरात करण्यासाठी कंपन्यांनी मांडलेला बाजार बंद पडला तर शोक करण्याचे कारण नाही. याउलट ब्रुसेल्समधील 'फॉसडेम' पाहा. विद्यापीठाच्या वर्गांमध्ये स्वयंसेवक ते भरवितात. प्रवेशाला ना शुल्क, ना नोंदणी. डेबियनचे वार्षिक संमेलन दरवर्षी वेगवेगळ्या देशांत भरते. २०२३ साली ते केरळात, कोची येथे भरले. ज्यांना परवडत नाही त्यांना प्रवासाला साहाय्य देण्याची तेथे सोय असते.

हीच कसोटी आपल्याकडेही लावली पाहिजे. पायथनचे भारतीय संमेलन २०११ साली पुण्यात भरले होते. त्या शहरातील कंत्राटी प्रोग्रामराला आज रजा कोण देतो? मालकाने पाठविलेलेच तेवढे संमेलनात दिसणार असतील, तर तेथे जमलेला समूह व्यवसायाचा प्रतिनिधी म्हणता येणार नाही. म्हणून संमेलने सुटीच्या दिवशी भरावीत. व्याख्यानांचे चित्रण सर्वांना विनामूल्य मिळावे. शिल्लक पैसा झगमगाटावर न उधळता दूरच्या माणसाच्या भाड्यासाठी राखावा. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीत चर्चा होईल अशा छोट्या बैठकाही नियमाने व्हाव्यात.

व्याख्याने तारेवरून खुशाल जावोत. सामाईक मालमत्ता राखणाऱ्यांनी मात्र अधूनमधून एका छपराखाली आलेच पाहिजे, कारण ती राखणारा एकटा पडला, की ती मालमत्ताही धोक्यात येते.