दाखला, पोच आणि अपील
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बहुधा धम्मावर, इतिहासावर किंवा साहित्यावर बोलले जाते. यंदा कार्यकारिणीने आम्हा बँकेत नोकरी करणाऱ्या सभासदांना 'लोकप्रशासन आणि आपण' असा विषय दिला. आमच्यापैकी काहींना बी. ए. ला हा विषय होता. पदसोपान, आदेशाची एकता, नियंत्रणाची कक्षा असे शब्द तेव्हा आम्ही पाठ केले होते. परंतु तहसील कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहिले की त्यांतला एकही शब्द आठवत नाही. तेथे तोंडात एकच वाक्य येते, "साहेब, आमचं काम कधी होईल?" आजचे भाषण या एका वाक्याविषयी आहे.

प्रशासन हा विषय आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी जो प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था यांवरच होता. पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना, घटनेत कारभाराचा इतका तपशील कशाला, या आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले. त्याचा आशय असा, की घटनेतील एक शब्दही न बदलता केवळ कारभाराची रीत बदलून घटना विपरीत करता येते. मूलभूत हक्कांची कलमे आपण मुलांकडून पाठ करून घेतो, ते योग्यच आहे. पण हा इशारा फारसा कोणी सांगत नाही.

याच्याही मागे जाऊ. आपले आजे-पणजे शेकडो वर्षे सरकारी नोकरच होते, असे म्हटले तर तरुण मंडळी हसतील. पण महारवतन म्हणजे दुसरे काय होते? सरकारी टपाल पोचवणे, सारा भरायला जाणाऱ्या पाटलाबरोबर चालणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, आलेल्या अंमलदाराची तैनात करणे ही सारी सरकारचीच कामे होती. या नोकरीला वेळेची मर्यादा नव्हती, ठरलेला पगार नव्हता, आणि घरचा कर्ता गावाला गेला असेल तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्याने राबायचे. बाबासाहेबांनी 1928 च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच कारणाने. वतने शेवटी 1958 च्या कायद्याने गेली. सरकारी कागद पिढ्यान्‌पिढ्या आपल्या खांद्यावरून गेला, पण त्यात काय लिहिले आहे ते वाचण्याचा अधिकार आपल्याला नव्हता.

आता महाडचा सत्याग्रह कारभाराच्या दृष्टीने पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे आदेश होता, ठराव होता, दप्तरात नोंदही होती. तरीसुद्धा 20 मार्च 1927 पर्यंत त्या तळ्याचे पाणी आपल्या लोकांना मिळत नव्हते. ठराव करणाऱ्यांनी तो अमलात कोण आणील, किती दिवसांत आणील आणि न आणल्यास काय, हे लिहिलेच नव्हते. बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदाची किंमत काय ते सर्वांना कळले. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले.

आपल्या सोलापूरचे उदाहरण याच्या उलट आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी वसतिगृह काढले ते सोलापुरात, आणि त्याला येथील नगरपालिकेची मदत होती. सार्वजनिक संस्था मनावर घेते तेव्हा काय होऊ शकते, ते आपल्या गावाने फार लवकर पाहिले आहे.

आज आपल्या घराघरातला प्रश्न दाखल्याचा आहे. बारावीचा निकाल लागला की धावपळ सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, जातीचा दाखला, त्याच्यापुढे जात वैधता. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 ही तारीख महत्त्वाची, कारण राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला. त्याआधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळतो. गेलेच नसतील तर? मग तहसीलच्या अभिलेख कक्षातले कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यातली जन्ममृत्यूची नोंद शोधायची. ती पुष्कळदा मोडीत असते. नाहीतर वतनी जमिनीचा जुना उतारा. ज्या वतनाविरुद्ध आपण लढलो, त्याच वतनाचा कागद आज नातवाला हक्क मिळवून देतो, हा विचित्र योग आहे खरा.

त्यात धर्मांतराचा गुंता. 1956 नंतर कोणाच्या दाखल्यावर 'बौद्ध' लागले, कोणाच्या 'नवबौद्ध', कोणाच्या 'हिंदू महार' तसेच राहिले. राज्याच्या सवलती आपल्याला आधी मिळाल्या, पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले ते 1990 च्या दुरुस्ती कायद्याने. एकाच घरात तीन भावांच्या तीन नोंदी सापडतात, आणि खिडकीवरचा कारकून त्या पाहून "त्रुटी" असा शेरा मारतो. यात नेहमीच त्याची खोड असते असे नाही. त्याला समजावून सांगणारे कोणी नसते आणि त्यालाही विचारायला कोणी नसते.

आता अभिलेख कक्षाविषयी थोडे अधिक बोलायचे आहे, कारण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी मोठी योजना काही आणली नाही, आपली कचेरी आवरली. कोणता कागद कोठे ठेवायचा आणि किती दिवस ठेवायचा हे ठरवून दिले. 'लखिना पॅटर्न' म्हणून ते सर्व महाराष्ट्राला माहीत झाले. आजही सरकारी कार्यालयांत 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' वर्गाचे 30 वर्षे, 'क' चे 10 आणि 'ड' चे 1 वर्ष असे वर्गीकरण असते. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे असतात. ज्यावर काम करायचे ते, ज्याच्या उत्तराची वाट पाहायची ते, ठरलेल्या तारखांना पाठवायचे ते, कायम आदेशांचे, अभिलेख कक्षात धाडायचे आणि नष्ट करायचे. ऐकायला हे रटाळ वाटते. पण आपल्या पणजोबांची नोंद ज्या बांधावर आहे तो बांध वाळवीने खाल्ला की दप्तरात नीट बांधून ठेवला, यावर एखाद्या मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश अवलंबून असतो. सुधारणा म्हटले की लोक संगणक डोळ्यांसमोर आणतात. आमच्या मते पहिली सुधारणा फडताळातली आहे.

मात्र चांगल्या अधिकाऱ्यावर भिस्त ठेवू नये. साहेब बदलले की गठ्ठे पुन्हा सुटतात. म्हणून कायदा लागतो. येथे आम्हाला बँकेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कॅशिअरला घरी जाता येत नाही. दहा रुपयांचा फरक असला तरी सगळे व्हाउचर पुन्हा चाळायचे. बँका काही धुतल्या तांदळाच्या आहेत असे नव्हे, तुम्ही आमच्या काउंटरवर काय काय ऐकून घेता ते आम्हाला ठाऊक आहे. पण रोजचा ताळा ही चीज मोठी आहे. आता सांगा, सरकारी कचेरीत आज किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती राहिले आणि का राहिले, हा ताळा रोज कोण घेत होते?

ती सोय कायद्याने हळूहळू आली. 2005 च्या विलंब प्रतिबंधाच्या कायद्याने सांगितले की कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त आपल्याकडे ठेवू नये. त्याच साली माहितीचा अधिकार आला. आणि 28 एप्रिल 2015 पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा लागू आहे. या कायद्याने "काम कधी होईल" या प्रश्नाला तारीख दिली. प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवा, मुदत, फी, काम करणारा पदनिर्देशित अधिकारी आणि ज्याच्याकडे अपील करायचे तो अधिकारी यांचा फलक लावायचा. उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्याला पंधरा दिवस. अर्ज दिला की क्रमांकासह पोच द्यायची. नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यायचे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिले अपील, तेथे समाधान झाले नाही तर दुसरे, आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. रक्कम फार नाही, पण दंडाची नोंद सेवेत कोणालाच नको असते.

हा कायदा आपले लोक वापरतात का? फारसे नाही. अर्ज तोंडी होतो, कागद हातोहात दिला जातो, पोच मागितली जात नाही. "पोच मागितली तर साहेब रागावतील" असे आपल्याच एका सभासद भगिनीने आम्हाला सांगितले. या भीतीला मोठा इतिहास आहे, तिच्यावर हसू नये. पण पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे सांगता येत नाही, आणि मुदत नसेल तर अपील नाही. मग उरतो कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला एजंट. तो पैसे घेतो ते कामाचे नव्हेत, आपल्या भीतीचे घेतो. आमचे मत विचाराल तर एजंट हटवण्याचा उपाय पोलिसांकडे नाही, पोच मागणाऱ्या शंभर माणसांकडे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकेका तलाठ्याकडे दोन-दोन सजे असतात. पदे रिकामी राहतात. जूनमध्ये सगळे अर्ज एकदम कोसळतात. ज्या कामाला वर्षभर वेळ असतो ते आपण प्रवेशाच्या आठवड्यात करायला जातो. काही ठिकाणी मुदत संपता संपता 'त्रुटी' काढून अर्ज परत पाठवण्याची युक्ती चालते, म्हणजे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. याला उपाय असा, की अर्ज देतानाच कागदांची यादी दोन प्रतींत करावी आणि एका प्रतीवर शिक्का घ्यावा. त्रुटी लेखी मागावी आणि ती फलकावरील कागदांच्या यादीत आहे का ते पाहावे. भांडण मुळीच करू नये. खिडकीपलीकडचा माणूस पुष्कळदा आपल्याच शाळेतून शिकलेला असतो.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आमच्या धंद्यातली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात येते. तुम्ही अर्जात कोणते खाते लिहिले यापेक्षा शेवटी कोणत्या बँकेत आधार जोडले, तिकडे ती जाते. मोबाईल दुकानात कोणीतरी नवे खाते उघडून दिले असेल तर पैसे तेथे जमा होतात, आणि मुले आमच्या काउंटरवर येऊन "शिष्यवृत्ती आलीच नाही" म्हणून रडकुंडीला येतात. बहुतेक वेळा ती आलेली असते, दुसऱ्या खात्यात. बँकेबद्दल तक्रार असेल तर तीही लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. हे आम्ही बँकवालेच सांगतो आहोत.

कार्यकारिणीने ठरवल्याप्रमाणे पुढच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा विहारात आमच्यापैकी दोघे बसतील. अकरावी-बारावीच्या मुलांनी वैधतेची तयारी आताच करावी. येताना आपला आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा असेल तर त्यांचा, घरात वडिलांकडील कोणाचे वैधता प्रमाणपत्र निघाले असेल तर त्याची प्रत, आणि गावाकडच्या जमिनीचा जुना उतारा असेल तर तोही आणावा. नावात फरक असेल, कोठे कांबळे आणि कोठे सोनकांबळे, तर तेही आणा, लपवू नका. मोडी वाचणारे एक ज्येष्ठ सभासद महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येणार आहेत. आणि ज्यांचे अर्ज आधीच दिलेले आहेत त्यांनी पोच आणावी, तारखा आपण एका वहीत लिहून ठेवू.