‘चालू आहे’ म्हणण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



संगणकाची थोरवी सांगणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली असतील. मी आज एका अगदी लहान कामाविषयी बोलणार आहे. सॉफ्टवेअरच्या कंटेनरची खबर आज्ञा टाइप करून कशी घ्यावी, एवढाच माझा विषय आहे. हे काम मी एकदा अर्धवट केले आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली, म्हणून तो निवडला.

कंटेनर हा शब्द बंदरावरचा. १९५६ साली माल्कम मॅकलीन यांनी अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनला ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ बंद पेट्या पाठविल्या. आतला माल न उलगडता पेटीच उचलावयाची, ही ती युक्ती. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सर्व सामान एकत्र बांधण्याची अशीच सोय २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ या नावाने लोकांपुढे मांडली. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा कंटेनर म्हणजे स्वतंत्र यंत्र नव्हे. लिनक्सवर चालणारी ती एक साधी प्रक्रियाच असते. फक्त तिच्याभोवती भिंती घातलेल्या असतात. तिने काय पाहावे आणि किती मेमरी वापरावी, हे त्या भिंती ठरवितात.

आता माझी हकीगत सांगतो. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज स्वीकारणाऱ्या एका यंत्रणेची देखरेख माझ्याकडे होती. अर्जाचा शेवटचा दिवस होता. दुपारपासून मुलांचे फोन येऊ लागले, “सर, फॉर्म उघडतो, पण पुढे जात नाही.” मी ‘डॉकर पीएस’ ही आज्ञा दिली. पडद्यावर तीन ओळी आल्या आणि तिन्हींपुढे ‘अप’ लिहिलेले होते. मी मुलांना सांगितले, “आमच्याकडे सर्व चालू आहे, तुमचे इंटरनेट तपासा.” एक मुलगी म्हणाली, “सर, मी तालुक्याला येऊन फॉर्म भरते आहे. शेवटची बस सहाची आहे.” तिलाही मी तेच उत्तर दिले.

संध्याकाळी माझ्या लक्षात आले, की कंटेनर तीन नव्हेत, चार असावयास हवे होते.

‘डॉकर पीएस’ फक्त चालू असलेल्यांचीच यादी देते. शिक्षकाने हजेरी घेताना केवळ ‘हजर’ म्हणणाऱ्यांची नावे लिहावीत आणि गैरहजर कोण, हे विचारूच नये, तसा हा प्रकार आहे. त्या आज्ञेपुढे ‘-ए’ जोडले, की थांबलेलेही दिसतात. मी ते जोडले आणि चौथी ओळ आली: ‘एक्झिटेड (१३७), पाच तासांपूर्वी’. दाखल्यांच्या प्रती साठविणारा तो कंटेनर होता.

कंसातला आकडा हा मृत्यूचा दाखला समजा. शून्य असेल तर काम संपवून तो आपणहून थांबला. १२७ असेल तर चालवावयाची आज्ञाच आत सापडली नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सक्तीने ठार करण्याचा संकेत आहे. पण ठार कोणी केले? ‘डॉकर स्टॉप’ आधी १५ क्रमांकाचा संकेत देऊन सांगून पाहते, दहा सेकंद वाट पाहते आणि मगच ९ वापरते. म्हणजे १३७ माणसाच्या हातूनही येऊ शकतो. निर्णय करण्यासाठी ‘डॉकर इन्स्पेक्ट’ने सविस्तर माहिती मागवावी. तेथे ‘ओओएमकिल्ड’पुढे ‘ट्रू’ होते. शेवटच्या दिवसाच्या गर्दीत मेमरीची मर्यादा ओलांडली गेली होती. ‘डॉकर लॉग्ज’मध्ये त्याच्या अखेरच्या ओळीही वाचावयास मिळाल्या. मर्यादा वाढवून मी तो पुन्हा सुरू केला. या कामाला दहा मिनिटे लागली.

यादी वाचतानाही घाई करू नये. कंटेनर तीन आठवड्यांपूर्वी तयार झालेला आणि स्थिती ‘अप, १२ सेकंद’ अशी असेल, तर तो नुकताच पडून उठला आहे. ‘रिस्टार्टिंग’ दिसत असेल, तर तो पडतो आणि पुन्हा उभा केला जातो. शिवाय हजर असलेला विद्यार्थी बाकावर झोपलेलाही असू शकतो. त्यासाठी ‘हेल्थचेक’ लिहावा लागतो. तो आपोआप येत नाही. वेगळे काही सांगितले नसेल, तर दर ३० सेकंदांनी चाचणी होते आणि ओळीने तीन वेळा अपयश आले, की ‘अनहेल्दी’ असा शेरा पडतो. पण एकटे डॉकर त्या शेऱ्यावरून कंटेनर पुन्हा सुरू करीत नाही. शेरा कोणी तरी वाचावा लागतो.

आपण नाव दिले नाही, तर डॉकर स्वतःच नाव ठेवते: एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचे नाव. त्या नावांत भास्कर आहेत, रामानुजन आहेत, उमर खय्याम, मरियम मिर्झाखानी आणि आपले अब्दुल कलामही आहेत. पाहून आनंद होतो. तरी कामाच्या कंटेनरला त्याच्या कामावरूनच नाव द्या. चौथा कोण, हे मला त्या दिवशी लगेच आठवले असते.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांपुढे चूक कबूल केली आणि मुदत एक दिवसाने वाढली. पण सहाच्या बसने गेलेली ती मुलगी परत आली की नाही, हे मला कधीच कळले नाही. तिच्या तक्रारीत खोट नव्हती. माझी आज्ञाही चुकली नव्हती. प्रश्न मात्र अपुरा विचारला गेला होता.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशा पडद्यापुढे बसेल. तेव्हा आधी किती जण असावयास हवेत ते मोजा, गैरहजर कोण ते विचारा, त्याचे कारण वाचा, आणि मगच फोनवरच्या माणसाला उत्तर द्या. तो माणूस कदाचित तालुक्याच्या गावी बसची वाट पाहत उभा असेल.