उदक सोडले, पण नाव राहिले



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवरची व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदीच ऐहिक आहे. जुनी मोटार धर्मादाय संस्थेला द्यावयाची आहे आणि तिच्या मालकीचा कागद सापडत नाही. तर काय करावे? विषय ऐकून चिटणीस क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. "मोटार दान करणारे आपल्या गावात कितीसे निघणार?" असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचे खरेही असेल. पण समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत आणि तेथे ही गोष्ट रोजची आहे. शिवाय या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटात 'देणे' म्हणजे नेमके काय, हा जुनाच प्रश्न दडून बसलेला आम्हांला आढळला. तो कसा आढळला तेच सांगावयाचे आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियात आमच्या मावसबहिणीकडे तीन महिने राहिलो होतो. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिचे यजमान वारले. त्यांची २००४ सालची टोयोटा गॅरेजमध्ये तशीच उभी होती. बहीण स्वतः दुसरी लहान गाडी चालवी. या गाडीला ती हात लावीत नसे. रोज सकाळी गॅरेजचे दार उघडावयाचे, गाडीकडे एकदा पाहावयाचे आणि दार पुन्हा लावावयाचे, असा तिचा क्रम होता. शेजाऱ्यांनी विकून टाकण्याचा सल्ला दिला. ती म्हणाली, "दादा, यांची गाडी विकून पैसे मोजून घ्यायला माझं मन घेत नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच जेवण पोचविणारी एक संस्था तिच्या पाहण्यातली होती. तिलाच गाडी द्यावयाची, असे ठरले.

त्या देशात मोटारदानाची पद्धत फार रुळलेली आहे. नभोवाणी केंद्रे, अंधांच्या संस्था, प्रार्थनामंदिरे, सगळीच गाड्या स्वीकारतात. आपण दूरध्वनी करावा, ओढून नेणारी गाडी दारात येते, बहुधा लिलावात मोटार विकली जाते आणि आलेले पैसे, दलालाचा खर्च वजा होऊन, संस्थेकडे जातात. आम्ही दूरध्वनी केला. पलीकडच्या बाईंचा आवाज मोठा गोड होता. पहिला प्रश्न, गाडी कोणत्या सालची? दुसरा प्रश्न, टायटल हाताशी आहे ना?

टायटल म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्याकडे आर.सी. बुक हा एकच कागद. (आता ते बुक राहिले नाही, पत्त्याएवढे कार्ड झाले, पण तोंडातून 'बुक' जात नाही.) तेथे कागद दोन. एक नोंदणीचा, तो बहुधा दर वर्षी नवा करावयाचा आणि गाडीत ठेवावयाचा. दुसरा मालकीचा, तो घरात जपून ठेवावयाचा, गाडीत चुकूनही नाही, कारण मग गाडीबरोबर मालकीही चोराच्या खिशात जावयाची. मोटारी आल्या तशी त्यांची चोरीही आली. चोरलेली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा अमेरिकेत १९१९ सालच्या कायद्याने केंद्रीय गुन्हा ठरला. ज्या वस्तूला चाके आहेत तिची मालकी नुसत्या ताब्यावरून ठरवून चालत नाही, हे त्या लोकांना लवकर उमगले. कॅलिफोर्नियात हा कागद पूर्वी गुलाबी असे, म्हणून जुनी माणसे अजून त्याला 'पिंक स्लिप' म्हणतात. नोकरीवरून काढल्याच्या चिठ्ठीलाही त्या देशात हेच नाव आहे! पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मेहुण्यांची नोकरी गेली होती की काय, असे आम्हांला वाटून गेले.

तर हा गुलाबी कागद सापडेना. मेहुणे अत्यंत टापटिपीचे गृहस्थ. वीस वर्षांची विजेची बिले सालवार लावलेली, मिक्सरचे हमीपत्र जपलेले. मिक्सर केव्हाच मोडीत गेला होता. टायटल मात्र नाही. दोन दिवस शोधाशोध झाली. तिसऱ्या दिवशी बहीण फाइलींच्या ढिगात बसली आणि तिला रडू फुटले. आम्हांला वाटते, ते रडू कागदासाठी नव्हते. आपल्या माणसाच्या शिस्तीत एक भोक निघाले, याचे ते होते.

मग सल्लागार जमले. एकाने सांगितले, गाडी तशीच नेऊ द्या, पुढचे संस्था पाहून घेईल. मोडीत गाड्या घेणारा एक जण कागदावाचून न्यायला तयार होता. रोख पैसेही देऊ म्हणाला. आम्ही सरकारी कचेरीत चाळीस वर्षे काढलेली. रोख पैसे आणि कागदावाचून, हे दोन शब्द जवळ आले की आमचे कान टवकारतात. आम्ही म्हटले, आधी सरकारदरबारी नोंद काय आहे ती पाहू.

नोंद पाहिली तो पेच वाढलाच. गाडी एकट्या मेहुण्यांच्या नावावर होती. त्या राज्यात नवरा-बायकोची नावे एका कागदावर घालताना मध्ये 'किंवा' हा शब्द असला तर दोघांपैकी कोणाही एकाची सही चालते. 'आणि' असला, किंवा नुसती तिरपी रेघ असली, तर दोघांची लागते. तेव्हा गाडी घेताना 'किंवा' घालून बहिणीचेही नाव लावले असते, तर तिच्या एका सहीने मालकीचा प्रश्न सुटता. आपली मुले तेथे असतील तर त्यांना या दोन अक्षरांची आठवण अवश्य द्या.

पण तेथील सरकारने दुःखितांची सोय केली आहे. मृत्यूला चाळीस दिवस होऊन गेले असतील आणि मृत्युपत्राचे प्रकरण न्यायालयात चालू नसेल, तर वारसाने एका छापील प्रतिज्ञापत्रावर सही करून मृत्यूचा दाखला जोडावा. गाडीपुरता वारसा मान्य होतो. वकील लागत नाही. आपण तेराव्याला मोकळे होतो, तेथील मोटारखाते चाळीस दिवस थांबते, एवढाच फरक.

खरी गाठ पुढेच होती. त्या राज्याच्या नोंदीत मालकांच्या जागा दोन असतात: एक नोंदणीकृत मालक, म्हणजे गाडी वापरणारा, आणि दुसरा कायदेशीर मालक, म्हणजे कर्ज देणारा. कर्ज २००९ सालीच फिटले होते, तरी कायदेशीर मालकाच्या रकान्यात बँक बसलेलीच होती. आपल्याकडे सोसायटीचे कर्ज फेडून वर्षे लोटतात आणि सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो, अगदी तोच प्रकार. कर्ज फेडणे ही एक गोष्ट आणि बोजा उतरविणे ही दुसरी. पहिलीची तारीख माणूस लक्षात ठेवतो. दुसरीला तारीखच नसते.

बरे, ती बँक तरी जागेवर असावी! ती मध्यंतरी दुसरीत विलीन झाली होती. नव्या बँकेला पत्रे धाडली. एका खिडकीने दुसरीकडे पाठविले, दुसरीने जुना खातेक्रमांक मागितला. सुदैवाने मेहुण्यांची जुनी चेकबुके सालवार होती. पाचव्या आठवड्यात बोजा फिटल्याचे, नोटरीपुढे सही झालेले पत्र हाती आले. बँक पुरतीच बुडालेली असती तर ठेवींचा विमा उतरविणाऱ्या केंद्रीय मंडळाकडून असे पत्र मिळविता येते, हेही तेव्हा समजले. म्हणजे ऋणको मरतो, धनको मरतो, पण नोंद मरत नाही.

यानंतर हरवलेल्या कागदाचे काम उरले. ते सर्वांत सोपे निघाले. कॅलिफोर्नियात एकाच अर्जाने हरवलेल्या टायटलची मागणीही होते आणि मालकीचे हस्तांतरही होते. नवी प्रत येईतो थांबा, मग तिच्यावर सही करा, हा द्राविडी प्राणायाम नाही. संस्थेला आम्ही सारे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनीच अर्ज पाठविला. कागद नाही म्हणून दान नाकारावे, असे बहुतेक संस्थांना वाटत नाही; त्यांना सही करणारा हक्काचा माणूस हवा असतो.

मात्र हे कॅलिफोर्नियाचे झाले. तो देश म्हणजे पन्नास राज्ये आणि पन्नास रिवाज. न्यूयॉर्कमध्ये १९७२ सालच्या किंवा त्याहून जुन्या गाडीला टायटलच नसते, नोंदणीवर काम भागते. टेक्सासमध्ये मालकीचा पुरेसा पुरावा नसेल तर गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचे हमीपत्र देऊन कागद मिळविता येतो. खरा मालक उगवलाच तर त्याची भरपाई त्या हमीतून व्हावी, हा हेतू. म्हणून एका राज्यातल्या पुतण्याचा सल्ला दुसऱ्या राज्यातल्या भाचीला लागू धरू नये.

सही करताना आणखी एक खुबी. घेणाऱ्याच्या जागी संस्थेचे नाव स्वच्छ लिहावयाचे. ती जागा कोरी ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाचे नाव आम्ही घालू, असे दलाल कधी कधी सुचवितो. तसे केले की गाडी चार हातांतून फिरते आणि कागदोपत्री आपल्याच नावावर राहते. त्यासाठीच गाडी दिल्यापासून पाच दिवसांत, ती आता आमची नाही आणि तिची जबाबदारीही आमची नाही, अशी सूचना कॅलिफोर्नियाच्या मोटारखात्याला द्यावी लागते. ती न दिली तर भलत्या जागी गाडी उभी केल्याचा दंड दात्याच्या घरी येतो.

आपल्या शास्त्रकारांनी दानाची व्याख्या करताना दोन अंगे सांगितली आहेत: देणाऱ्याचे स्वत्व संपले पाहिजे आणि घेणाऱ्याचे उत्पन्न झाले पाहिजे. हातावर उदक सोडावयाचे ते याचसाठी. पाच दिवसांची ती सूचना म्हणजे उदकच, असे आम्ही बहिणीला म्हटले. ती कित्येक दिवसांनी हसली.

करसवलतीचे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ दाते त्या ओढीने येतात. पूर्वी दाता आपल्या खटाऱ्याची वाटेल ती किंमत लावून सूट मागे. अमेरिकन संसदेच्या हिशेब-तपासनिसांनी २००३ साली ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत दात्याने सांगितलेल्या किमतीच्या शेकडा पाच किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या पदरात पडल्याचे दिसले. मग कायदा बदलला. १ जानेवारी २००५ पासून पाचशे डॉलरांवरची सूट मागावयाची तर साधारणतः लिलावात गाडीचे जे आले तेवढीच मिळते, आणि संस्थेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामात वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली, किंवा एखाद्या गरजूला अल्प किमतीत दिली, तरच बाजारभाव धरतात. बहिणीला सूट नको होती. तरी प्रमाणपत्र तिने जपून ठेवले. त्यावर त्यांच्या गाडीचा सतरा अक्षरांचा क्रमांक होता.

आता आपल्या घरचे. येथेही जुनी जीप आश्रमाला दे, व्हॅन दवाखान्याला दे, असे दाते आहेत, आणि त्यांच्यासाठी चित्र याहून फारसे निराळे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणे जंगम वस्तूचे दान नुसता ताबा देऊनही पुरे होते. यावर विसंबून माणूस किल्ली देतो, फोटो काढतो, हार घालतो आणि घरी जातो. पण १९८८ चा मोटारवाहन कायदा सामान्यतः ज्याच्या नावाने नोंद असेल त्यालाच मालक समजतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. गाडी हस्ते-परहस्ते विकली गेली होती, नोंद पहिल्याच्याच नावाने राहिली होती, आणि मध्ये अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीतल्या मालकावर ठेवली. विकणाऱ्याची ही गत, मग दात्याला निराळा न्याय कोण लावणार?

तेव्हा आर.सी. हरवले असेल तर पोलिसांत नोंद करून २६ नंबरचा फॉर्म भरून दुसरी प्रत काढावी. कर्ज होते तर बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन बोजा उतरवावा. मग २९ आणि ३० हे दोन. कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हाती देऊन मोकळे होण्याची आपली जी रीत आहे, ती त्या दलालाच्या कोऱ्या जागेचीच बहीण होय. मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत परिवहन कचेरीला कळवावे आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मने गाडी आपल्या नावे करून घ्यावी. मग सुखाने दान द्यावे. प्राप्तिकरातली सूट वस्तूच्या दानाला नाही, पैशाच्याच दानाला आहे, हेही आधी ठाऊक असलेले बरे. मागाहून संस्थेशी वाद घालताना आम्ही माणसे पाहिली आहेत.

बहिणीची गाडी आम्ही परतण्याच्या आठवडाभर आधी गेली. ओढून नेणारा मनुष्य तरुण होता. साखळ्या लावून झाल्यावर त्याने आत काही राहिले आहे का म्हणून विचारले. आरशाला टांगलेला लहानसा गणपती तिने काढून घेतला. गॅरेजचे दार तिने त्या दिवशी उघडेच ठेवले.

पुढे पौषात तिचा दूरध्वनी आला. मेहुण्यांचा 'दासबोध' तिने वाचायला काढला, तर त्यात तो कागद निघाला. कायदेशीर मालकाच्या जागी २००९ सालची जुन्या बँकेची सही होती. बँकेने आपले काम चोख केले होते. मेहुण्यांनी तो खात्याकडे धाडावयाचा, तो सांभाळून ठेवला होता, त्यांच्या मते घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी. नवी प्रत निघाल्यामुळे जुनी आता रद्द झालेली. "दादा, याचं काय करू?" तिने विचारले. आम्ही नियम सांगितला, की तो आता निरुपयोगी आहे, फाडून टाकावा. ती बरे म्हणाली. फाडला नसावा.