जे दारात येत नाहीत, त्यांचा डॉक्टर



एमबीबीएस झाल्यावर बाँडची नोकरी म्हणून मला सातपुड्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. आज मी बडोद्यात फॅमिली डॉक्टर आहे. डिग्री तीच, स्टेथोस्कोपही तोच. काम मात्र अगदी वेगळं.

बडोद्यात पेशंट फाइल घेऊनच येतो. शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, सगळं तपासलेलं. माझ्या नजरेतून काही सुटलं, तर पुढच्या चौकात दुसरा डॉक्टर असतो. सातपुड्यात सुटलं की सुटलं.

एका बाजाराच्या दिवशी ओपीडीत नव्वदच्या वर पेशंट होते. एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. तीन तास चालत आली होती. मी मूल तपासलं, औषध दिलं, पुढचा नंबर पुकारला. ती स्वतः सात महिन्यांची गरोदर होती, अंगात रक्त नव्हतं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिची पावरी मला येत नव्हती, हे खरं. पण डोळे तर होते ना मला!

दोन आठवड्यांनी ती घरीच बाळंत झाली. रक्तस्राव थांबेना, म्हणून लोकांनी झोळीत घालून खाली आणली. ती वाचली. बाळ गेलं.

पुढे मी ज्युलियन ट्यूडर हार्ट यांच्याविषयी वाचलं. वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावातले हे डॉक्टर. १९७१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नियम मांडला: जिथे गरज जास्त, तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी. आणि सेवा जितकी बाजारावर सोडाल, तितका हा नियम घट्ट होतो. पण ते नियम सांगून थांबले नाहीत. ‘आलेला पेशंट’ एवढंच न बघता त्यांनी गावाची यादी केली आणि न आलेल्यांचंही ब्लडप्रेशर मोजलं. पंचवीस वर्षांनी तिथले अकाली मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा ठळकपणे कमी होते.

आपल्याकडे सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० मागे, असा निकष आहे. म्हणजे गरज जास्त आहे हे सरकारी कागदालाही मान्य आहे. पण निकष इमारत मोजतो. तिथे डॉक्टर किती वर्षं टिकला, त्याला लोकांची भाषा आली का, हे मोजत नाही. मीही बाँड संपताच निघून आले. म्हणून दुसऱ्याला दोष देण्याचा हक्क मला नाही.

त्या दिवसानंतर एक सवय मात्र लागली. मूल घेऊन आई आली की आधी तिची खालची पापणी ओढून बघते. बडोद्यातही. आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बायका रोज माझ्या दवाखान्यावरून जातात, आत येत नाहीत. आता त्यांची यादी केली आहे. आत्तापर्यंत चाळीस नावं झाली.

तरुण डॉक्टरांना एवढंच सांगते: रांगेतले पेशंट तपासाच. पण संध्याकाळी दवाखाना बंद करताना स्वतःला विचारा, आज कोण आलं नाही?