हक्क की मेहेरबानी?



कचेरीत फेरबदल करण्यापूर्वी आम्हांस कळवा, आमचे मत घ्या, एवढेच युरोपातील सरकारी नोकरांच्या संघटनांचे मागणे होते. डिसेंबर २०१५ मध्ये काही देशांच्या मध्यवर्ती सरकारांतर्फे बोलणाऱ्या मालकपक्षाने ते मान्य केले, करार झाला. याचा कायदा व्हावा, असे दोघांनीही मिळून युरोपीय आयोगास विनविले. २०१८ मध्ये आयोगाने नकार दिला. संघटनांचा महासंघ न्यायालयात गेला. २०२१ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला: प्रस्ताव मांडावा की नाही, हे आयोगानेच ठरवावे.

दोघे एकत्र बसले, एकमत झाले, हे आम्ही थोडे मानीत नाही. परंतु ऐकून घेणे जोवर मर्जीवर अवलंबून आहे, तोवर ती मेहेरबानी, हक्क नव्हे.