पट्टा, कठडा आणि जबाबदारी



बांधकामावरून कामगार पडला की मुकादमाचे वाक्य ठरलेले असते : ‘त्याने बेल्ट लावला नव्हता.’ या एका वाक्यात मालक, कंत्राटदार आणि अभियंता तिघेही सुटतात. मृत कामगार तेवढा आरोपी ठरतो.

वस्तुतः पट्टा हा सुरक्षेचा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. उंचीवरचे काम शक्य तर जमिनीवरच उरकावे, ते न जमल्यास स्लॅबच्या कडेला आणि लिफ्टच्या उघड्या खड्ड्याभोवती कठडा उभारावा, मग जाळी, सरतेशेवटी पट्टा. कठडा कामगाराच्या सावधपणावर विसंबून नसतो. पट्ट्याचा दोर मात्र डोक्याच्या वर भक्कम आधाराला बांधावा लागतो. बांबूच्या परांचीला अडकवलेला पट्टा परांचीबरोबरच खाली येतो.

जाळीचेही तसेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली पसरलेल्या जाळीने १९ कामगार वाचवले. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कोसळलेल्या मचाणाने तीच जाळी फाडली आणि १० जण दगावले. मचाणाची उणीव जाळी भरून काढू शकली नाही.

आपल्याकडे १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहापेक्षा कमी कामगारांच्या कामाला लागू नव्हता. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिनेही ही मर्यादा कायम ठेवली. दोराला लोंबकळत सोसायटीची भिंत रंगवणारी पाच-सहा जणांची टोळी तेव्हाही कायद्याबाहेर होती, आजही आहे.

कामगारांच्या कल्याणासाठी उपकर आहे खरा. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नोंदवले की, देशभरात जमलेल्या ३७,४०० कोटींहून अधिक रुपयांपैकी सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले होते.

यामागचे अर्थशास्त्र सरळ आहे. कठड्याचा खर्च कंत्राटदाराच्या वहीत पडतो; मृत्यूचा खर्च विधवेच्या संसारावर. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते, तेव्हा कठडा गाळणाराच स्पर्धा जिंकतो. म्हणून सुरक्षेची रक्कम निविदेत वेगळी दाखवावी, तिच्यावर दराची चढाओढ नसावी, आणि कठडा उभा राहिल्याशिवाय पुढच्या मजल्याचे बिल मंजूर होऊ नये, ही आपली मागणी असली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी यापुढे बांधकामावर जाऊन ‘बेल्ट लावला होता का?’ हे विचारू नये. ‘दोर कशाला बांधणार होता आणि कठडा कुठे आहे?’ हे विचारावे; आणि ते कामगार पडण्यापूर्वी विचारावे.